केनियात यजमान कुटुंबात ३ महिने: काय उरकावं, काय विचारावं?

रंकाळाकाठ: भाची किसुमूजवळच्या एका गावात, शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. राहणं-जेवण तिथल्याच एका कुटुंबात. अंडं खाते, मांस-मासे नाही. कोल्हापुरातून निघण्याआधी काय काय करायचं, नेमकं सांगा.

तांबडी_माती: सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ती मागत नाही, म्हणून एजंट "गरज नाही" सांगून मोकळे होतात. घोळ परतताना होतो. केनियातून येताना प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तेव्हा पुणे-मुंबईच्या फेरीची तयारी ठेवा. पासपोर्ट सोबत हवाच. ही लस अंड्यात वाढवतात, त्यामुळे ॲलर्जीवाल्यांनी आधी डॉक्टरांना सांगायचं. भाचीला अंडं चालतंय, ते बरं.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे, मलेरियाचा पट्टा. गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्सीसायक्लिन दिली तर परत आल्यावरही ४ आठवडे घ्यावी लागते. लोक घरी पोचले की बंद करतात, आणि नेमकं तेव्हाच दुखणं उभं राहतं. मच्छरदाणी त्या घरात आहे का, विचारून ठेवा.

उद्यमनगर_३: २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए (निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी) आहे, पण पर्यटक म्हणून गेल्यावर बिनपगारी कामही करता येत नाही. कुठला परवाना, कोण काढणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. मुलांमध्ये काम आहे म्हटल्यावर पोलिसांचा दाखला लागतो. तो पासपोर्ट सेवेच्या साइटवरून निघतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला गोल पिनांचा बसत नाही.

सुमनकाकी: चटणी-मसाला प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका गं. २०१७ पासून तिथं कॅरीबॅगवर बंदी आहे. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. डाळ-तांदूळ न्यायचं काहीच कारण नाही, किसुमूत आपली माणसं बरीच आहेत, दुकानात मिळतं.

घरात रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. हातानंच खातात. मासे नाकारायचे तर पहिल्याच दिवशी, पान वाढायच्या आधी सांगावं. ओमेना म्हणजे सुकवलेले बारीक मासे, आपल्या सुकटासारखे. "मासे नको" म्हटल्यावरही काही घरी ओमेना माशांत मोजलं जात नाही, म्हणून वेगळं नाव घेऊन सांगायचं. गिथेरी (मका-घेवडा), मूग, चपाती हे सगळं मिळतं, उपाशी राहायची वेळ येत नाही.

शेजारी गेल्यावर दाराशी "होडी" (येऊ का?) म्हणायचं, "करिबू" (या) ऐकल्यावरच आत. आतले कपडे स्वतः धुवायचे, घरच्या कुणाला द्यायचे नाहीत.

रंकाळाकाठ: काकी, आभार. पाण्याचं, पैशाचं कसं विचारायचं?

तांबडी_माती: सरळ विचारा दादा. पाणी नळाचं, बोअरचं की साठवलेलं पावसाचं? आंघोळीला किती बादल्या? संडास कसला, आणि सॅनिटरी पॅड कुठं टाकायचे? खोलीला आतून कडी आहे का? संस्थेच्या शुल्कातले महिन्याला किती त्या घरी पोचतात, हेही विचारा. पोचत नसतील तर भाचीच्या जेवणाचा भार त्या माउलीवर पडतो. मग घर बदलून मागा, नाहीतर रक्कम थेट घरी द्यायचं कागदावर ठरवा.