व्हीगन जीवनपद्धती स्वीकारल्यावर तबला, तानपुरा आणि पेटी यांचे काय करावे?

प्रश्न – त्रितालप्रेमी

नमस्कार. दूध, तूप, मध, रेशीम आणि चामडे यांचा त्याग करून मी काही वर्षांपासून व्हीगन पद्धतीने राहत आहे. चपला, कमरेचा पट्टा आणि पाकीट बदलणे सोपे गेले, परंतु तबल्यापाशी येऊन मी थांबलो आहे. शाळेत असल्यापासून मी तबला शिकतो आणि सध्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद परीक्षेची तयारी करत आहे. दायाँची (उजव्या हाताच्या तबल्याची) पुडी, म्हणजे वर ताणून बसवलेला कातड्याचा पडदा, आता सैल पडली असून नवी पुडी बसवणे भाग आहे. मात्र माझ्या रियाजासाठी आणखी एका बकरीचे कातडे लागणार, हा विचार मनातून जात नाही.

तबल्याला कातड्याचा खरोखर उपयोगी पर्याय आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. माझी पत्नी शास्त्रीय गायन शिकते आणि तिच्यासाठी मिरजेहून तानपुरा घेण्याचा आमचा विचार आहे. तानपुरा आणि पेटी यांच्या कोणत्या भागांत प्राणिजन्य पदार्थ असतात, आणि मागणी नोंदवतानाच ते टाळता येतात का? घरात आजोबांची एक जुनी तबलाजोडीही आहे. ती वापरत राहणे आपल्याला योग्य वाटते का?

उत्तर – लयकारी

आपल्या तीन वाद्यांपैकी तबल्याचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण तेथे नाद कातड्यातूनच निर्माण होतो. पुडीचे थर बकरीच्या कातड्याचे असतात, तर गजऱ्याच्या (पुडीच्या कडेला विणलेल्या वेढ्याच्या) सोळा घरांतून ओवलेली वादी, म्हणजे ताण देणारा पट्टा, मोठ्या जनावराच्या जाड कातड्याची असते. शाई, म्हणजे पुडीच्या मध्यभागीचा काळा लेप, मात्र लोखंडाचा कीस आणि भाताची किंवा पिठाची खळ यांची असते. ती थरावर थर देऊन दगडाने घोटली जाते आणि तिच्याविषयी आपल्याला आक्षेप असण्याचे कारण नाही.

अडचण शाई आणि पडदा यांच्या संयोगात आहे. ताणलेला साधा गोल पडदा वाजवला, तर त्यातून उठणारे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत येत नाहीत, म्हणून साध्या ढोलातून स्पष्ट स्वर ऐकू येत नाही. तबला आणि मृदंग यांत मध्यभागी दिलेल्या लेपाच्या वजनामुळे हे उपस्वर सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले आणि १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. पाश्चात्त्य ड्रमसेट १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कातड्याकडून पॉलिस्टरच्या पडद्याकडे वळला, त्याला हा अडसर नव्हता. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांनी फायबरची पाने स्वीकारली, तीही याच कारणाने. तबल्यासाठी केवळ पडदा बदलून भागत नाही. गुळगुळीत पडद्याला धरून राहील, त्याच्याबरोबर लवचीकपणे हलेल आणि तरीही योग्य वजन देईल, असा लेप नव्याने शोधावा लागतो.

हे अशक्य नाही. बेंगळूरुचे डॉ. के. वरदरंगन यांनी कृत्रिम पडद्यांचा मृदंगम तयार केला आहे आणि कर्नाटक संगीताचे वादक तो वाजवतात. अशा पडद्याला पावसाळी हवेचा त्रास होत नाही, हा एक लाभच आहे. कृत्रिम पडद्याच्या तबल्याविषयी माझे मत असे की, ‘ना’ आणि ‘तिं’ हे बोल समाधानकारक वाजतात, परंतु डग्ग्यावर (बायाँवर, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्यावर) मनगट दाबून काढलेला घुमारा आणि मनगट घासून काढलेला घिस्सा यांत कातड्याइतका मऊपणा येत नाही. विशारदच्या परीक्षेत बायाँचे काम बारकाईने ऐकले जाते, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी आपल्या गुरुजींशी आणि परीक्षा केंद्राशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. वादीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. सुती किंवा नायलॉनचे पट्टे चालतात, आणि ढोलकीप्रमाणे नट-बोल्टवर कसलेला तबलाही मिळतो.

आजोबांच्या जोडीविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुना तानपुरा वापरल्याने नवी मागणी निर्माण होत नाही, परंतु तबल्याची पुडी झिजते आणि पुनःपुन्हा बदलावी लागते. दायाँचे लाकडी खोड आणि डग्ग्याचे भांडे आजोबांचे राहिले, तरी वर बसणारे कातडे नवेच असणार. म्हणून खोड व भांडे तीच ठेवून त्यांवर कृत्रिम पडदा बसवता येतो का, हे एखाद्या जाणत्या कारागिराला विचारून पाहावे, असे मला वाटते.

उत्तर – जवारी

तानपुऱ्याविषयी लिहितो. मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि २०२४ मध्ये तेथील या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. व्हीगन व्यक्तीच्या दृष्टीने तानपुरा हे अतिशय अनुकूल वाद्य आहे. तुंबा भोपळ्याचा, दांडी तुणाच्या लाकडाची आणि तारा धातूच्या असल्यामुळे नाद ज्यांतून घडतो ते बहुतेक भाग वनस्पती आणि धातू यांचेच आहेत.

प्राणिजन्य पदार्थ चार-पाच ठिकाणी दडलेले असतात, आणि त्यांपैकी घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो आधार) सर्वांत महत्त्वाची आहे. पूर्वी ती सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची करत. हस्तिदंताचा व्यापार १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांमुळे बंद झाला. आज उंटाच्या हाडाची घोडी सर्रास दिसते, परंतु आबनुसाची किंवा कृत्रिम पदार्थाची घोडीही करून मिळते. आबनुसाच्या घोडीचा आवाज थोडा मऊ येतो. तारांचे चरे तिच्यावर लवकर पडतात आणि जवारी (तारेचा नाद खुलावा म्हणून घोडीचा पृष्ठभाग घासून जुळवणे) अधिक वेळा काढून घ्यावी लागते, ही त्याची किंमत आहे. गायकाच्या साथीला तो मऊ आवाज मला अधिक आवडतो. जवारीसाठी तारेखाली सरकवायचा दोरा रेशमी नको, सुती हवा, एवढे सांगितले की पुरे. सूक्ष्म सुरासाठी तारेत ओवलेले तार-मणी काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावेत. नक्षीचे पांढरे काम आता बहुधा सेल्युलॉइडचे असते, आणि सेल्युलॉइड वनस्पतीच्या सेल्युलोजपासून होत असल्याने त्याची चिंता नको.

सांधे जोडण्यासाठी पारंपरिक पद्धतीत सरस वापरतात. तो जनावरांची हाडे आणि कातडी उकळून केलेला असतो. त्याऐवजी आजचा कृत्रिम गोंद वापरता येतो, मात्र सरसाचा सांधा उष्णतेने सुटतो आणि दुरुस्ती सोपी होते, म्हणून कारागीर तो सहजासहजी सोडत नाहीत. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पॉलिश हाही आपल्या दृष्टीने अडथळाच आहे, कारण लाख हा किड्यांचा स्राव असून ती गोळा करताना किडेही मरतात. त्याऐवजी मेलामाइनचे पॉलिश मागावे.

पेटीत चामडे भात्याच्या कोपऱ्यांवर आणि पट्टीखालच्या झडपांवर असते, आणि फेल्ट लोकरीचे असते. रेक्झिनचा भाता आणि कृत्रिम फेल्ट बसवून पेटी करता येते, परंतु झडपेचे अस्तर इतके मऊ असावे लागते की हवा सुटू नये. हे काम पेटी तयार झाल्यावर बदलून घेण्यापेक्षा आधीच ठरवलेले बरे. केवळ स्वराचा आधार हवा असल्यास इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहेच, बेंगळूरुच्या जी. राज नारायण यांनी तो १९७९ मध्ये तयार केला.

उत्तर – वादी-गजरा

मला या चर्चेत एक वेगळी बाजू मांडायची आहे. बकरी मांसासाठी कापली जाते आणि कातडे त्यानंतर उरते. तबलजीने पुडी नाकारली म्हणून एकही बकरी वाचत नाही, असे मला वाटते. शिवाय पुडी भरणारी आणि शाई घालणारी माणसे पिढ्यानपिढ्या हेच काम करत आली आहेत, आणि त्यांच्या हातातील कौशल्य यंत्राने घडणाऱ्या पडद्यात उरणार नाही. हिंसा टाळायचीच असेल, तर नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा मार्ग आहे. गांधीजींनी त्याचा आग्रह धरला होता आणि वर्ध्याजवळ नालवाडी येथे त्याच विचाराने चर्मालय (कातडी कमावण्याचा कारखाना) चालवले गेले. तो विचार संगीतात का आणू नये?

उत्तर – लयकारी

आपल्या आक्षेपाचा मी आदर करतो, विशेषतः कारागिरांविषयीच्या भागाचा. नालवाडीचा विचार वादीला लागू पडू शकेल, कारण गाय, बैल आणि म्हशी म्हातारपणी गोठ्यात मरतात. पुडीला तो लागू पडत नाही. बकरी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते, त्यामुळे वयाने मेलेल्या बकरीचे निर्दोष आणि सारख्या जाडीचे कातडे पुरेशा संख्येने मिळणे जवळजवळ अशक्य आहे. उरलेले कातडे फुकटही नसते. ते विकले जाते आणि त्याचा पैसा जनावराच्या किमतीत मिसळलेला असतो.

१९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीची व्याख्याही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर’ अशी मर्यादा स्वीकारते. त्या मर्यादेत एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेपुरती कातड्याची पुडी ठेवली, तर मी त्याला दोष देणार नाही. कारागिरांच्या बाबतीत मला असे वाटते की, शाईचा घोट, गजऱ्याची वीण आणि स्वराची पारख हे कौशल्य कृत्रिम पडद्यालाही लागणारच आहे, आणि हे काम त्यांच्याच हाती जावे यासाठी वादकांनी त्यांच्याकडेच मागणी नोंदवली पाहिजे.

उत्तर – त्रितालप्रेमी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तानपुरा आबनुसाच्या घोडीचाच घेऊ. तबल्यासाठी, गुरुजींनी संमती दिल्यास, घरच्या रियाजाला कृत्रिम पडदा आणि वादीऐवजी सुती पट्टे असे ठरवतो आहे. परीक्षेच्या जोडीचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच होईल. आमच्या शेजारची मुलगी व्हायोलिन शिकते आणि तिलाही हाच प्रश्न पडला आहे. त्याविषयी कोणी सांगू शकेल का?

उत्तर – जवारी

व्हायोलिनच्या तारा आता प्रश्न राहिलेल्या नाहीत. आतड्याच्या तातीची जागा पोलादाने आणि कृत्रिम गाभ्याच्या तारांनी घेतली आहे. त्यांतील ‘डॉमिनंट’ ही प्रसिद्ध तार १९७० पासून मिळते. राळ झाडाचीच असते. उरतो तो गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी. त्यात घोड्याच्या शेपटीचे साधारण दीडशे ते दोनशे केस असतात, आणि त्याऐवजी कृत्रिम केस बसवून घेता येतात. सारंगीत मात्र तात, कातडे आणि घोड्याचे केस हे तिन्ही एकत्र येतात, त्यामुळे पुढे कधी त्या वाद्याकडे वळायचे झाले तर तिने आधीच नीट विचार करावा.

आपल्या तानपुऱ्याबाबत एकच सूचना: घोडी आणि दोरा नंतरही बदलता येतात, परंतु गोंद आणि पॉलिश यांविषयी काम सुरू होण्यापूर्वीच कारखान्यात लेखी सांगून ठेवावे, कारण एकदा लाख चढली की ती खरवडून काढावी लागते आणि त्यात वरची नक्षी खराब होते.