जुनं कुरण सुधारायचंय, स्प्रिंग दातांचं हॅरो घ्यावं की डिस्कचं ड्रिल?

बांधावरचा:
नमस्कार मंडळी. २८ एकर चराऊ कुरण आहे, शेवटचं पेरलं त्याला बारा-तेरा वर्षं तरी झाली. तेव्हा रायग्रास (चाऱ्याचं गवत) आणि पांढरा क्लोव्हर (तीन पानांची शेंगवर्गीय चारावेल) टाकला होता, आता रायग्रास शोधावा लागतो, क्लोव्हर कुठेकुठे ठिपक्यासारखा दिसतो आणि बाकी सगळं बारीक पानाचं रानगवत, ज्याला गुरं तोंडसुद्धा लावत नाहीत. नांगरून नवीन पेरायचं मनात नाही कारण एक तर अर्धा हंगाम चारा जातो, दुसरं म्हणजे वरचे तुकडे उताराचे आहेत, माती उघडी पडली आणि एक जोराचा पाऊस आला की सगळी बांधापलीकडे. म्हणून ओव्हरसीडिंग, म्हणजे न नांगरता जुन्या गवतातच नवीन बी पेरायचं.

मागच्या हंगामात खताच्या स्प्रेडरनं बी फेकलं आणि वरून काटेरी फांद्या बांधून ओढल्या. हसू नका. जिथे गुरांच्या खुरांनी माती उकरली होती तिथे तेवढं उगवलं, बाकी बी गवतावरच बसून राहिलं.

ट्रॅक्टर ५५ एचपीचा. आता एकीकडे बी-पेटी लावलेलं स्प्रिंग दातांचं हॅरो बघितलंय, दुसरीकडे डिस्कचं ड्रिल, म्हणजे फिरत्या तव्यांनी चीर पाडून बी सोडणारं पेरणीयंत्र. दोन्हीवाले आपलंच खरं म्हणतात. ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी सांगा प्लीज.

जुना_कुळव:
फांद्यांवर हसणार नाही, आम्ही पण केलंय ते 😄 तुमचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय बघा, खुरानं माती उघडली तिथेच उगवलं. बी मातीला टेकलं पाहिजे, सगळा खेळ तेवढाच आहे आणि कुठलं यंत्र ते तुमच्या रानात जमवतं एवढंच बघायचं.

खुरपं घ्या आणि कुरणात गुडघ्यावर बसा. गवत बाजूला करून बघा खाली माती लगेच दिसते का, की मध्ये वाळलेल्या मुळ्या-काड्यांची गादी आहे. गादी पातळ असेल, बोटानं फाटत असेल, मध्ये मध्ये उघड्या जागा असतील तर स्प्रिंग दातांचं हॅरो मस्त काम करतं, मेलेलं गवत ओरबाडून काढतं, उथळ मुळांचं रानगवत पण बऱ्यापैकी उपटतं आणि मागून पेटीतलं बी पडतं. पण एका फेरीत होईल अशी आशा ठेवू नका. पहिली फेरी बी न टाकता, दुसरी तिरकी, बी तिसऱ्या फेरीला टाकलं तरी चालेल. काम झाल्यावर रान बघून तुमच्या पोटात गोळा आला पाहिजे की अरे आपण हे काय करून बसलो, निम्मी माती उघडी दिसली पाहिजे. हिरवंगार दिसत असेल तर काम झालेलं नाही.

३ मीटरचं हॅरो तुमच्या ५५ एचपीला सहज झेपेल. पेटीला बी उडवणारा इलेक्ट्रिक फॅन असला तरी त्या रुंदीला चालतो, ६ मीटरला आणि जास्त दरानं पेरायचं असेल तर हायड्रॉलिक फॅनवालं बघावं लागतं.

चिखलातून:
कुळवदादांशी अर्धा सहमत. गादी जाड असेल तर दात वरच्यावर खाजवत बसतात, कितीही फेऱ्या मारा. तिथे डिस्कच लागते, गादी चिरून बी खाली मातीत सोडते. दाट तासांची डिस्क ड्रिलं मिळतात, व्रेडो कंपनीचं दुहेरी डिस्कचं ड्रिल ७.५ सेमीवर तास टाकतं. तुमच्या ड्रिलचे तास १५ सेमीच्या आसपास असतील तर निम्मं बी एका दिशेनं आणि निम्मं तिरकं पेरा, नाहीतर दोन ओळींच्या मध्ये परत तेच रानगवत पसरतं.

पण माझं काय झालं ते सांगतो. चिकण माती, दोन दिवस पाऊस होऊन गेलेला, भाड्याचं ड्रिल दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं म्हणून वाफसा नसताना घातलं. पेरताना एकदम लोण्यासारखं गेलं, मी खूश. डिस्कनं चिरेच्या दोन्ही भिंती गुळगुळीत लिंपून टाकलेल्या हे तेव्हा कळलं नाही. नंतर आठ दिवस ऊन पडलं आणि प्रत्येक चीर उकलून पेन्सिल आत जाईल एवढी झाली. वरून बघितलं तर आत पांढरे मोड दिसत होते, बिचारे वाळून गेले, आणि जे वाचले ते गोगलगायींनी खाल्ले, त्यांना तर चीर म्हणजे तयार गल्लीच. यात ड्रिलचा दोष नाही, घाई माझी होती. मातीचा गोळा करून बोटानं दाबा, फुटला तर पेरा, चपटा होऊन चिकटला तर ट्रॅक्टर परत शेडमध्ये.

आणि एचपीपेक्षा वजन बघा. ३ मीटरचं डिस्क ड्रिल बियांनी भरलं की दीड-दोन टनांच्या घरात जातं, ५५ एचपीवाला ओढेल एकवेळ पण हायड्रॉलिकनं उचलताना उतारावर पुढची चाकं हलकी पडतात. पुढे वजनं लावा किंवा कमी रुंदीचं घ्या.

बांधावरचा:
दोघांचे आभार. आज सकाळी खुरपं-फावडं घेऊन सात-आठ ठिकाणी उकरलं. खालच्या सपाट तुकड्यांत गादी जवळजवळ नाही, गवत विरळ, माती मऊ, गांडुळं भरपूर. वरच्या तीन तुकड्यांत मात्र बोटाच्या दोन पेरांएवढी तपकिरी गादी, वास पण आंबूस, आणि त्याच्याखाली साधारण १० सेमीवर फावडं टण्णकन थांबतंय. मुळ्या तिथे जाऊन आडव्या वळल्यात. म्हणजे वर डिस्क आणि खाली हॅरो, दोन यंत्रं घेऊ का आता?

गवतवाली_ताई:
दादा, वरच्या तुकड्यांत आत्ता कुठलंच यंत्र घालू नका. मुळ्या आडव्या वळल्यात म्हणजे माती दबलीय, तिथे बी पेरलं तर नवीन रोपाची पण तीच गत. १० सेमीवरच थर असेल तर चाकू-ड्रमचं एअरेटर (चाकू लावलेला ड्रम, फिरताना मातीत चिरा पाडतो) बऱ्याचदा पुरतं, थर आणखी खोल असता तर कुरण न उलटता खालून उचलणारा लिफ्टर लागला असता. तो थराच्या जरा खालून चालवायचा असतो आणि माती खाली कोरडी असतानाच, ओल्यात नुसती भेग पडते, थर फुटत नाही. आणि आंबूस वास येतोय तर मातीचा पीएच तपासून घ्या. रायग्रास-क्लोव्हरला ६ ते ६.५ लागतो, कमी असेल तर आधी चुना. आम्लात गादी कुजत नाही म्हणून तर ती साठत गेलीय, चुना टाकून एक हंगाम थांबलात तर गादी बरीच कमी होईल आणि मग कदाचित हॅरोवर पण भागेल.

चांगलं गवत निम्म्याहून कमी राहिलं असेल तर ओव्हरसीडिंगच्या भानगडीत पडू नका असं मी म्हणेन, पण तुमच्या उतारावर नांगरायला मी पण घाबरले असते.

आता खालच्या तुकड्यांबद्दल, कारण यंत्राची चर्चा सगळे करतात आणि खरा घोळ पेटीत होतो. रायग्रासचं बी हलकं, १ ग्रॅममध्ये साधारण ५००, क्लोव्हरचं गोल आणि बारीक, १ ग्रॅममध्ये दीड हजाराच्या आसपास. दोन्ही एका पेटीत टाकून रान हादरत गेलात की क्लोव्हर तळाला बसतं, पहिल्या दोन एकरांत क्लोव्हरच क्लोव्हर आणि शेवटी नुसता रायग्रास. पेटी थोडी थोडी भरा नाहीतर क्लोव्हर वेगळ्या फेरीत टाका. खोली पण वेगळी, रायग्रासला १ ते दीड सेमी चालतं, क्लोव्हर १ सेमीपेक्षा खोल जाता कामा नये. ड्रिल ३ सेमीवर लावून पेरलेलं क्लोव्हर मी नंतर कधी बघितलेलं नाही 🙂

कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन किती बी टाकतं त्याचं मोजमाप, स्वतः करा, पेटीवरच्या तक्त्यावर जाऊ नका. ३ मीटर रुंदी, ताशी १० किमी वेग म्हणजे मिनिटाला ५०० चौरस मीटर, जवळपास ५ गुंठे. एकरी ८ किलो टाकायचं असेल तर एका मिनिटात १ किलो बी पडलं पाहिजे. खाली ताडपत्री पसरा, एक मिनिट मशीन फिरवा, गोळा करून काट्यावर ठेवा. माझ्याकडे तक्त्याप्रमाणे लावलं तर सातशे ग्रॅमच पडत होतं.

जुना_कुळव:
ताई एकदम बरोबर, चुन्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही.
एक भर, ओव्हरसीडिंगला टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या जातीचा) रायग्रास घ्या, दाणा मोठा असतो, कोंब जोरकस येतो, जुन्या गवताशी भांडायला तेवढा जोर लागतोच. क्लोव्हर टाकणार असाल तर रुंद पानाच्या तणांचं औषध आधीच मारून घ्या, आणि डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या मगच पेरा. पेरल्यावर मारलंत तर क्लोव्हर पण गेलं.

चिखलातून:
वरच्या तुकड्यांत दगड आहेत का? नसतील तर उलट्या टी आकाराच्या फणाचं ड्रिल पण बघा, न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात जॉन बेकर यांनी तो फण विकसित केला. वर चीर अरुंद आणि खाली पोकळी रुंद, ओल आत धरून ठेवते, त्यामुळे माझ्यासारखी उकललेली चीर होत नाही.

बांधावरचा:
दगड आहेत, चांगले डोक्याएवढे. म्हणजे ते राहू दे.
ठरवतोय असं. खालच्या १६ एकरांसाठी हॅरो विकत, वरच्या १२ एकरांना यंदा एअरेटर आणि पीएच बघून चुना, पुढच्या हंगामात गादी किती राहिली ते बघून ड्रिल भाड्यानं आणायचं की नाही ते ठरवू. पेरल्यावर बी दाबायला रोलर कुठला? आणि पेरताना युरिया टाकू का थोडा, उगवण जोरात यावी म्हणून?

गवतवाली_ताई:
युरिया अजिबात नको! तो नवीन रोपापेक्षा जुन्या गवताला आधी लागतो, ते वाढतं आणि खाली कोंब अंधारात मरतात. पेरण्याआधी गुरं घालून गवत ३-४ सेमीपर्यंत खाऊ घाला. पेरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जुनं गवत वर आलं की परत थोडा वेळ गुरं सोडा, मनाला पटत नाही पण करा. फक्त आधी नवीन रोप चिमटीत धरून ओढून बघा. पानाचा तुकडा हातात आला तर गुरं सोडा, मुळासकट आलं तर अजून आठवडाभर थांबा. वासरं असतील तर तीच घाला, वजन कमी.

जुना_कुळव:
रोलर कड्यांचा घ्या, गुळगुळीत नको. कड्यांच्या मध्ये माती थोडी सैल राहते आणि पाणी वाहून जात नाही. आणि हॅरो आणायला जाल तेव्हा दातांचा दाब कुठून कमी-जास्त होतो ते बघा, काही मशीनला एका लिव्हरनं सगळे दात एकदम होतात, काहींना प्रत्येक चौकटीची पिन वेगळी काढावी लागते. १६ एकरांत तीन फेऱ्या मारताना त्या पिनांनी माझी बोटं सोलून निघाली होती.

बांधावरचा:
लिव्हरवालंच बघतो मग. ताडपत्री आणि काटा घेऊनच जातोय, तिथेच एक मिनिट फिरवून दाखवा म्हणतो.