पीएचडीचा गाईड निवडायचाय, सायटेशनचे आकडे कसे वाचायचे?

राजारामपुरीकर
मंडळी जरा मदत पाहिजे. बहिणीचं एमडी कम्युनिटी मेडिसिन झालं, आता पीएचडी करायची म्हणतीय, आणि कोल्हापूर सोडायचं नाही कारण आई घरी एकटी. दोन गाईड नजरेत आहेत. एका सरांचे शंभराच्या वर पेपर, एच इंडेक्स 14. दुसऱ्या मॅडम, पंचवीसेक पेपर, एच इंडेक्स 9. घरात सगळे म्हणतायत शंभरवाल्यांकडं जा, विषय संपला. तिचं मन मात्र मॅडमकडं, त्या ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर काम करतात. मी इंजिनिअर माणूस, हे आकडे नक्की काय सांगतात आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा?

पुस्तकवाली_ताई
एच इंडेक्स 9 म्हणजे निदान 9 पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचा किमान 9 वेळा दुसऱ्या लेखांत संदर्भ, म्हणजे सायटेशन, आलंय. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली हे माप मांडलं. वय वाढेल तसं ते वाढत जातं, माणूस रिटायर झाला तरी जुन्या पेपरवर वाढतंच, म्हणून आधी दोघांचा पहिला पेपर कुठल्या सालचा ते बघ. सरांची सर्व्हिस दुप्पट असेल तर 14 आणि 9 शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.
आणि आकडा घेतलास कुठून? गुगल स्कॉलर (गुगलचा संशोधन लेखांचा शोध) थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलनं तपासायच्या आधीच नेटवर टाकलेला लेख) सगळं धरतं, स्कोपस हा पैसे भरून मिळणारा डेटाबेस निवडक जर्नलं धरतं, त्यामुळं स्कॉलरवरचा आकडा बहुतेक वेळा मोठाच दिसतो. दोघांचा एकाच ठिकाणचा घे. आडनाव पाटील असेल तर अजून सांभाळून. मी मेडिकल लायब्ररीत आहे, एका डॉक्टरांच्या प्रोफाइलवर उसाच्या तांबेऱ्याचा पेपर चिकटलेला बघितलाय, आद्याक्षरं सेम म्हणून स्कॉलरनं आपोआप जोडलेला. ऑर्किड आयडी (ORCID, प्रत्येक संशोधकाचा वेगळा नंबर) असेल तर त्यावरची यादी ताडून बघ.

बावड्याचा_डॉक्टर
ताईंनी बरोबर सांगितलं. माझं म्हणणं, भावा, शंभर पेपरची यादी उघड आणि एकेक वाच. केस रिपोर्ट (एखाद्या पेशंटची नुसती हकिगत) किती, स्वतः डेटा गोळा करून केलेलं काम किती, नाव कितव्या नंबरला. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज (जगभरातल्या रोगांची मोजदाद) सारख्या पेपरवर शेकडो लेखक असतात आणि सायटेशन हजारोंनी, तसले चार-पाच पेपर असले की बेरीज एकदम फुगते, पण त्यातून गाईड कसा आहे ते कळत नाही. तुझ्या बहिणीसाठी खरी खूण वेगळीच आहे. विद्यार्थ्याचं नाव पहिलं आणि गाईडचं शेवटी असे पेपर किती आहेत? विद्यार्थ्याच्या थीसिसमधून निघालेल्या पेपरवर सरांचंच नाव पहिलं येत असेल तर तिथं जाऊ नको, मग इंडेक्स 40 का असेना. हे मी पोटतिडकीनं सांगतोय, असं झालेली पोरं बघितलीत.
आणि इम्पॅक्ट फॅक्टर कुणी दाखवला तर तो जर्नलचा असतो, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले एवढंच. त्यावरून माणूस मोजू नये हे 2012 च्या डोरा (संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं यावरच्या) जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय.

गडहिंग्लजकर
डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घ्या. महाडला बसून विंचूदंशावर काम केलं, 1982 ला लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये पेपर, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं पेशंट वाचवले, 2011 ला बीएमजे या तशाच जर्नलमध्ये 70 पेशंटची ट्रायल, त्यात प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष (अँटिव्हेनम) दिलं की पेशंट लवकर बरा होतो हे दाखवलं. आता जगात विंचूदंशावर लिहिणारे असतात किती? कॅन्सरवर हजारोंनी लिहितात म्हणून तिथं सायटेशन धो धो येतात, कोकणातल्या शेतकऱ्याला विंचू चावला तर त्यावर संदर्भ देणारं माणूसच कमी. ऊसतोड बायकांचंही तसंच होणार. मॅडमच्या 9 ला त्या विषयाच्या मापानं बघा.
उलट बाजू, वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा 1998 चा पेपर, 12 मुलांवरचा, 2010 ला लॅन्सेटनं मागं घेतला, तरी त्याच्या सायटेशन प्रचंड, त्यातल्या कितीतरी तो खोडून काढणाऱ्या. मोजणीत मात्र सगळ्या सारख्याच धरल्या जातात.

राजारामपुरीकर
लई उपयोग झाला. एक विचारतो, स्वतःच स्वतःला साइट केलेलं कसं ओळखायचं?

पुस्तकवाली_ताई
स्कॉलरवर पेपरखाली ‘साइटेड बाय’ वर क्लिक कर, वर ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’ ला टिक करून author:"नाव" असं त्यांचंच नाव टाक (नुसतं नाव टाकलंस तर संदर्भयादीत नाव असलेले सगळेच लेख येतील), जे निघतील त्यातले बहुतेक त्यांचेच. कॉलेजला स्कोपसचं लॉगिन असेल तर तिथं सेल्फ सायटेशन वगळून आकडा मिळतो. थोडं असणं चूक नाही, मागच्या कामावरच पुढचं उभं राहतं, पण निम्म्याच्या वर असेल तर विचार कर. आणि मॅडमचे दोन-तीन पेपर बहिणीला पूर्ण वाचायला सांग, मेथड्सपासून. मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी तिनं स्वतः फोन करावा.