साथीच्या काळात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास आणि मन: आराखड्यात नेमकं काय लिहावं?

ट्यूटर_सोलापूर
नमस्कार. कॉलेजचा साथरोग आराखडा नव्याने लिहायचा आहे. बी.एस्सी. दुसरं वर्ष, ४० विद्यार्थी. जुन्या मसुद्यात मानसिक आरोग्यासाठी दोनच गोष्टी आहेत: प्रेरणादायी व्याख्यान आणि योगसत्र. एवढ्याने भागत नाही हे २०२०-२१ मध्ये दिसलंच. वर्ग ऑनलाइन, वॉर्ड बंद आणि मग एकदम ड्यूटी, असं पुन्हा झालं तर मुलं खचू नयेत म्हणून काय करावं? शैक्षणिक चिवटपणा (अडचणीतही अभ्यास न सोडण्याची ताकद) मोजणारी ३० विधानांची प्रश्नावली वापरावी का?

स्किललॅब_प्रभारी
मॅडम, सुरुवात स्किल लॅबपासून (प्रोसिजरच्या सरावाची खोली) करा. व्हिडिओवर कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावायला शिकलेल्या मुलीला वॉर्डात संसर्गाइतकीच स्वतःच्या हातांची धास्ती असते. आपल्यामुळे पेशंटला इजा होईल ही भीती खोटी नाही, त्यामुळे समजावून ती जात नाही. सरावाने जाते.

सहा-सात जणांचे गट करा, एका दिवशी एकच कौशल्य घ्या. आधी पाहायचं. मग जोडीदाराने चेकलिस्ट वाचायची आणि आपण करायचं. मग चेकलिस्टशिवाय. तिन्ही जमल्यावरच पेशंट, तोही सिस्टर शेजारी असताना.

ऑनलाइनमध्ये काय निसटतं बघा. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे. मिलीला १५ थेंब पाडणारा सलाइनच्या नळीचा सेट धरून गणित शिकवलं तर उत्तर मिनिटाला ३१ थेंब. हातात २० थेंबांचा सेट आला तर ४२ हवेत. ३१ वरच ठेवलं तर बाटली संपायला सव्वापाच तास उलटून जातात. आकडा सेटच्या वेष्टणावर छापलेला असतो, पण व्हिडिओत वेष्टण कोण दाखवतं? आणि ही चूक वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडा खाऊन कळली, तर ते मूल पुढे प्रत्येक प्रोसिजरला मागे उभं राहतं.

पीपीईचंही (संसर्गापासून वाचवणारा पोशाख) तसंच. चढवण्यापेक्षा उतरवताना घोटाळा होतो. हातमोज्यांना ओला रंग लावून सराव घ्या. कपड्यावर, गळ्यावर डाग कुठे पडला ते लगेच दिसतं. मास्क सगळ्यात शेवटी उतरवायचा.

मनोविकार_नर्सिंग
३० विधानांची प्रश्नावली वर्गाचं चित्र दाखवते: जिद्द, मदत मागण्याची सवय, अपयशानंतरची घालमेल. ती निदान करत नाही. कमी गुण आले म्हणून कुणाला बाजूला काढू नका. मराठीत स्वतःच भाषांतर करून आलेल्या आकड्यांवर तर निर्णय घेऊच नका.

नैराश्याच्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी समोर बसून बोलायचं. म्हणून हा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी कधीच पाठवू नका. सोमवारपर्यंत तो कुणी उघडत नाही.

आणि उत्तरं इंटर्नल मार्क देणाऱ्या शिक्षकाच्या हाती पडणार असतील तर सगळे शून्यच भरतात. फॉर्म वाचणारी व्यक्ती गुण देणारी नसावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक होस्टेलच्या दारावर लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

क्लिनिकल_समन्वयक
वरच्या दोघांना एक जोड. मुलं सगळ्यात जास्त विचारतात ते 'वर्ष वाया जाणार का?' पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के लागते, हे त्यांना माहीत असतं. म्हणून प्रत्येकीच्या लॉगबुकातून (प्रात्यक्षिकाची नोंदवही) वॉर्डवार राहिलेले तास काढा आणि भरून काढण्याच्या तारखा लेखी द्या. तारखा पुढेमागे झाल्या तरी चालेल, कोरा कागद नको.

३ मे २०२१ च्या केंद्राच्या निर्णयाने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटी देता येत होती. आराखड्यात 'देखरेख' हा शब्द मोघम ठेवू नका: कोणत्या पाळीत कोणती सिस्टर, किती विद्यार्थी, ड्यूटीनंतर किती दिवस वर्ग नाही.

ट्यूटर_सोलापूर
लॉगबुकाचं उद्याच सुरू करते. ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांचं काय?

क्लिनिकल_समन्वयक
लाइव्ह व्हिडिओची सक्ती नको. दहा मिनिटांची ध्वनिफीत साधारण ५ एमबीत बसते, सोबत एका पानाची टिपणं. हजेरी त्या पानावरच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून, आणि उत्तरं साध्या एसएमएसनेही चालतील.