मदत हवी आहे: अंधाऱ्या माजघरातल्या फिश टँकमध्ये तलावातली हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) चालेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही साकोली तालुक्यात खेड्यावर राहतो. घर जुनं, मातीचं. भिंती जाड, खिडक्या लहान. माजघरात भरदुपारीही दिवा लावावा लागतो आणि टँक तिथंच आहे. बाहेर ओट्यावर ठेवायची सोय नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा जागा बदलण्याचा सल्ला सोडून काहीही सांगा.

टँक दोन फुटी, २४ × १२ × १२ इंच, म्हणजे काठोकाठ ५५ लिटरच्या आसपास. आत गप्पी आणि थोड्या मोली. पाणी बोअरचं, जड. वर साधी एलईडी पट्टी. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर वगैरे खटाटोप नको.

अनुबियास आणि जावा फर्न ही टँकमधली झाडं कमी उजेडात तग धरतात, पण वाढतात फारच सावकाश. मला भराभर वाढणारं काहीतरी हवं आहे. गप्पीची पिल्लं जन्मली की मोठे मासेच ती खातात, त्यांना लपायला दाट झुडूप पाहिजे. शिवाय जी वनस्पती झपाट्यानं वाढते तीच पाण्यातलं अमोनिया आणि नायट्रेट जास्त ओढून घेते.

आता आमच्या भंडारा-गोंदियाकडं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. त्यांत हायड्रिला, वॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट आपोआप वाढतात. हायड्रिला अगदी मंद उजेडातही वाढते आणि जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, म्हणून बोअरच्या पाण्यात ती रमेल असं वाटतं. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात, नुसती तरंगत सोडली तरी चालते. घराजवळ एवढं असताना नागपूरहून विकत का आणायचं?

अडचण वेगळीच आहे. झाडांसोबत गोगलगायीची अंडी, जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि या अळ्या माशांची पिल्लं फस्त करतात. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून काढतात असं वाचलं; हायड्रिलाची नाजूक पानं ते सोसतात का? प्रमाण काय, किती मिनिटं? की आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवणंच बरं? धानाच्या बांध्यांत तणनाशक मारतात, त्यांचं पाणी बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, उतरतं. म्हणून बोडीतलं काही आणणार नाही, मोठ्या तलावातलंच आणेन. तेवढी काळजी पुरेशी आहे का?

दुसरी भीती रात्रीची. अंधारात वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो, आणि उन्हाळ्यात आमची लाइन गेली की हवेचा पंप बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर काय करू? दाट झुडूप टँकच्या किती भागात ठेवावं?

पट्टी रोज सहा-आठ तास लावावी असा विचार आहे, जास्त लावली तर काचेवर शेवाळ धरेल. विदर्भातल्या उन्हाळ्यात कोणी हायड्रिला घरात सांभाळली असेल तर सविस्तर सांगा ना जी, पावसाळ्याआधी लावायची आहे.