मदत हवी आहे: १७-४ स्टेनलेसच्या (पोलादाचा एक प्रकार) गोल्फ आयर्नचा लाय (शाफ्ट म्हणजे दांडा जमिनीशी करतो तो कोन) २ अंश वाकवावा का?

चेंडूवर मार्करने उभी रेघ ओढून, ती फेसकडे (हेडची चेंडूला लागणारी बाजू) ठेवून ७ नंबरच्या आयर्नने मारलं की फेसवर उमटलेल्या रेघेचं वरचं टोक ‘टो’च्या (हेडची शाफ्टपासून लांबची बाजू) दिशेला कललेलं दिसतंय. म्हणजे आघाताच्या क्षणी टो वर उचललेला राहतो, लाय जास्त अपराइट (उभा) आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मग डावीकडे निघतो, आणि लॉफ्ट (फेस मागे झुकलेला असतो तो कोन) जास्त असलेल्या वेजमध्ये (जवळच्या फटक्यांची काठी) तर फारच.

अडचण अशी की हेड कास्ट (साच्यात ओतलेली) आहेत. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) मऊ पोलाद २ अंश निमूट वाकतं. १७-४ कडक, दाब काढला की थोडं मागे येतं, आणि जोर जास्त झाला तर होजलला (हेडची शाफ्ट बसतो ती नळी) तडा जाऊ शकतो.

शाफ्ट अर्धा इंच कापला तर लाय साधारण १ अंश फ्लॅट (आडवा) होईल, पण स्विंगवेट (फिरवताना हेडचं जाणवणारं वजन) ३ पॉइंट उतरेल. ते भरून काढायला हेडमध्ये ६ ग्रॅम वजन टाकावं लागेल. मला हा उपाय पटत नाही, लांबी मुळात बरोबर आहे.

१७-४ कोणी वाकवून घेतलंय का? किती अंशांपर्यंत? पुणे-मुंबईत लॉफ्ट-लाय मशीनवर काम करणारा, वाकवल्यावर लॉफ्टही पुन्हा मोजून देणारा कारागीर माहीत असेल तर कृपया सांगा. लॉफ्ट १ अंश घटला तर बाउन्सही (हेडच्या तळाचा जमिनीशी कोन) तेवढाच घटतो.