मलिदा: पोळीचा नव्हे, पोह्यांचा

मलिदा म्हटलं की आठवतो तो दर्ग्यावरचा, पोळी-गूळ चुरून केलेला. बेने इस्राएलींचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, वेगळा: एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं, पोह्यांचा. अर्धा किलो जाड पोहे धुऊन लगेच निथळायचे; पाण्यात ठेवले की लगदा. एका नारळाचा चव, वेलची, सुकामेवा. साखर अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. आपल्या खेड्यांत नारळ जुना मिळतो, म्हणून फोडल्यावर चाखूनच घ्या, एक खवट निघाला की सगळं वाया. वर फळं, नागपुरी संत्रं बिनधास्त चालेल. मात्र खाण्याआधी म्हणायचे आशीर्वाद निरनिराळे: संत्रं, खजूर यांना झाडाच्या फळाचा, केळ्याला जमिनीच्या पिकाचा, कारण केळीला लाकडी खोडच नसतं. इथेच बहुतेक चुकतात.